रियाझी आणि रियाज

22 डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस. शाळाशाळांतून तो गणित दिन म्हणून साजरा होतो, तसा आमच्या उर्दू शाळेतही होतो. तक्ते लागतात, भाषणे होतात, निबंधस्पर्धा होते. गेल्या खेपेस 'माझे आवडते गणितज्ञ' असा विषय होता. तपासायला घेतलेल्या गठ्ठ्यात मुलींचे निम्म्याहून अधिक निबंध मरियम मिर्झाखानीवर निघाले. मनाला बरे वाटले. पण दहा-बारा निबंध वाचून झाल्यावर हातातले लाल पेन थांबले. जवळजवळ प्रत्येकीचे पहिले वाक्य एकच होते : 'मरियम लहानपणापासूनच गणितात अत्यंत हुशार होती.'

हे वाक्य खरे नाही. आणि ते मुलींनी रचलेलेही नाही. ते त्यांनी आमच्याकडून, आमच्या मासिकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि सत्कार समारंभांतल्या भाषणांतून उचलले आहे. म्हणून हा लेख मरियमच्या गणितापेक्षा तिच्या चरित्राविषयी, म्हणजे ते आपण कसे सांगतो याविषयी आहे.

आधी हकीकत. मरियमचा जन्म 1977 मध्ये तेहरानला झाला. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली आणि 1980 ते 1988 इराकशी युद्ध चालले. म्हणजे तिची प्राथमिक शाळा युद्धातच सरली. पुढे ती स्वतःच्या पिढीला नशीबवान म्हणे, कारण त्यांची समज वाढायला लागली तेव्हा युद्ध संपले होते. या मुलीला गणितज्ञ व्हायचे नव्हते. तिला लेखिका व्हायचे होते. हाती लागेल ती कादंबरी ती वाचायची. प्राथमिक शाळा संपल्यावर परीक्षा देऊन ती फर्झानेगान या विशेष गुणवत्तेच्या मुलींच्या शाळेत गेली. तिथे पहिल्याच आठवड्यात तिला रोया बेहेश्ती ही मैत्रीण मिळाली. शाळेजवळच्या रस्त्यावर पुस्तकांची दुकाने होती. दुकानदार चाळत बसू देत नसत, म्हणून दोघी मनाला येईल ते पुस्तक विकत घेऊन बाहेर पडत.

आणि आता ते वर्ष, जे आमच्या एकाही निबंधात नाही. त्या शाळेतल्या पहिल्या वर्षी, म्हणजे सहावीत, मरियमला गणितात कमी गुण पडले. शिकवणाऱ्या शिक्षकांना ती फारशी हुशार वाटली नाही. मुलीने गणितातून मन काढून घेतले. त्या वयात दुसऱ्याला आपल्यात काय दिसते यावर सारे अवलंबून असते, अशा अर्थाचे ती पुढे मुलाखतीत बोलली. दुसऱ्या वर्षी शिक्षक बदलले. नव्या शिक्षकांनी उमेद दिली आणि त्याच मुलीची प्रगती पाहता पाहता झाली.

एका वर्षात मेंदू बदलत नाही. बदलली ती समोर उभी असलेली व्यक्ती.

पुढे दोघी मैत्रिणींच्या हाती संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय ऑलिम्पियाडची प्रश्नपत्रिका पडली. प्रश्न सहा होते. स्पर्धेत ते काही तासांत सोडवायचे असतात, या दोघींनी कित्येक दिवस घालवून तीन सोडवले. आपल्याला काहीतरी येते याचाच आनंद केवढा! त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलांच्या शाळेत असे प्रश्न सोडवायचे वर्ग चालतात, तसे आमच्यासाठीही सुरू करा. इराणच्या गणित ऑलिम्पियाड संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. मुख्याध्यापिका हे कारण सांगून दोघींना परत पाठवू शकत होत्या. त्यांनी वर्ग सुरू केले. तुम्ही पहिल्या असाल तर असाल, पण तुम्हांला हे जमेल, हीच त्यांची भूमिका होती. 1994 मध्ये हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये मरियमला 42 पैकी 41 गुण आणि सुवर्णपदक मिळाले, रोयाला रौप्य. 1995 मध्ये कॅनडात मरियमने 42 पैकी 42 मिळवले. रोयाही पुढे गणिताचीच प्राध्यापक झाली. एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणी गणितज्ञ होतात तेव्हा चमत्काराची भाषा जरा आवरती घ्यावी लागते.

आता आपल्या लेखांकडे वळू. मरियमवरच्या उर्दू-मराठी लिखाणात आम्हांला तीन साचे दिसतात.

पहिला साचा खुदादाद सलाहियतीचा. सलाहियत ही देणगी आहे याबद्दल आमचा वाद नाही. पण ती देणगी सहावीतही तिच्याजवळच होती, आणि ती कोणाला दिसली नाही. लेखक जेव्हा हे वर्ष गाळतो तेव्हा तो नुसता तपशील गाळत नाही, शिक्षकाला जबाबदारीतून मोकळे करतो. जी मुलगी चमकली ती चमकणारच होती, जी मागे पडली तिच्या नशिबात नव्हते, असा त्या गोष्टीचा अर्थ होतो. हे लेख लिहिणाऱ्यांत आम्ही शिक्षकच अधिक असतो, हा योगायोग म्हणायचा का?

दुसरा साचा सुवर्णकाळाचा. लेख मरियमवर असतो आणि पहिली दोन पाने अल्-ख्वारिझ्मी आणि उमर खय्याम यांच्यावर जातात. नवव्या शतकात बगदादला लिहिल्या गेलेल्या 'अल्-जब्र'च्या ग्रंथावरून बीजगणिताचे युरोपीय नाव पडले, खय्यामने घन समीकरणे भूमितीने सोडवली, हे सारे खरे आहे आणि मुलांना ते सांगावेच. पण या मांडणीत मरियम एक पुरावा होऊन बसते. कौमच्या वतीने आपण खटला लढतो आहोत आणि ती आपली साक्षीदार आहे, असा लेखाचा सूर लागतो. साक्षीदाराला कोणी विचारत नाही, तुझी सहावी कशी गेली?

तिसरा साचा परक्यांकडून आला आहे, पण आपल्याकडेही तो हौसेने गिरवला जातो. 'इराणसारख्या देशातून असूनही' असे त्याचे पहिले शब्द असतात. इराणात बाईला विद्यापीठात जाता येते हे आपल्याला परदेशात पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले, असे मरियमने स्वतः सांगितले आहे. शाळा मुला-मुलींच्या वेगळ्या असल्या तरी ऑलिम्पियाड आणि उन्हाळी शिबिरे मुलींना बंद नव्हती. तिला शोधून काढणारी शाळा सरकारी व्यवस्थेतलीच होती. परंतु त्याच देशातल्या काही वर्तमानपत्रांनी 2014 मध्ये तिच्या छायाचित्रात फेरफार करून केस झाकले, आणि 2017 मध्ये ती गेल्यावर काहींनी तो दंडक बाजूला ठेवून तिचे केस दिसणारे छायाचित्र छापले. तिचा नवरा झेक होता. परदेशी बापाच्या मुलांना आईकडून इराणी नागरिकत्व मिळण्यात कायद्याची अडचण होती. तिच्या मृत्यूनंतर तिच्या मुलीच्या निमित्ताने संसदेत तो विषय पुढे आला आणि 2019 मध्ये कायदा बदलला. या दोन्ही बाजू एकाच लेखात मांडायला काय हरकत आहे? ज्या व्यवस्थेने मुलगी घडवली तिनेच तिच्या केसांचा हिशेब ठेवला. दोन्ही सांगितले नाही तर चरित्र एक तर प्रचारपत्रक होते, नाही तर तक्रारअर्ज.

फर्झानेगानसारख्या शाळांचेही असेच. त्या शाळेने मरियम दिली, म्हणून निवडक मुलींच्या शाळा काढा असा निष्कर्ष आमच्याकडची भाषणे काढतात. पण प्रवेशपरीक्षेत निवडून आलेली मुलगीही त्या शाळेच्या आत एका वर्षात मागे पडू शकली. निवड झाल्यावर वर्गात काय घडते, हा खरा प्रश्न तिथेही होता. आणि ज्या मुली त्या दारातून आत गेल्याच नाहीत, त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत.

पुढचा प्रवास थोडक्यात. तेहरानच्या शरीफ विद्यापीठातून 1999 मध्ये ती पदवीधर झाली. त्याआधी मार्च 1998 मध्ये अहवाझची गणित स्पर्धा आटोपून विद्यार्थी परतत असता त्यांची बस दरीत कोसळली. तिच्यासोबतचे कित्येक तरुण गणिती गेले, ती वाचली. आमच्या लेखांत ही घटना असते, पण नशिबाचा खेळ म्हणून. त्या बसमध्ये तिच्यासारख्याच रियाझीच्या वेडाने भारलेल्या मुलांचा गट होता, आणि मरियम अशाच संगतीत वाढत होती, हे त्यातून दिसायला हवे होते.

मग हार्वर्ड. तिथे कर्टिस मॅकमुलन यांच्या चर्चासत्राला ती जाऊन बसू लागली. सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच कळत नसे, पण विषयाचे सौंदर्य जाणवे. ती त्यांच्या खोलीत जाऊन प्रश्नांची सरबत्ती करी. प्रश्न इंग्रजीत विचारी आणि टिपणे फारसीत लिही.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकाने या ओळीपाशी थोडे थांबावे. आमची मुले दहावीपर्यंत त्रिकोणाला मुसल्लस आणि कोनाला झाविया म्हणतात. अकरावी विज्ञानाच्या वर्गात सारे एकदम इंग्रजीतून सुरू होते. आपल्याला गणितच येत नाही, असे मुलांना वाटू लागते. खरे तर त्यांना गणित येत असते, फक्त त्याची नवी नावे येत नसतात. जगातल्या एका मोठ्या विद्यापीठात बसून मरियम आपल्या भाषेत विचार करीत होती, आणि त्याने तिचे काही अडले नाही. इंग्रजी तर लागतेच. परंतु मातृभाषेतली समज फेकून देऊन ती शिकायची नसते. तिच्या चरित्रातला हा तपशील आमच्या मुलांच्या सर्वांत जास्त कामाचा, आणि आमच्या लेखांत तोच सापडत नाही.

तिच्या कामाविषयीही चार शब्द हवेत, कारण पुष्कळसे लेख 'अत्यंत क्लिष्ट संशोधन' एवढे म्हणून पुढे सरकतात. शर्टाचे दोन भोकांचे बटण घ्या. त्याच्या पृष्ठभागावर रबरबँड ताणून बसवला तर तो आपोआप लहानात लहान वाट धरतो. आता हा पृष्ठभाग सपाट नाही, सगळीकडून घोड्याच्या खोगिरासारखा वळलेला आहे अशी कल्पना करा. निघालो तिथे परत येणाऱ्या आणि स्वतःला कुठेही न छेदणाऱ्या, ठरावीक लांबीच्या आतल्या अशा वाटा किती? मरियमने 2004 च्या प्रबंधात याचे उत्तर दिले. दोन भोकांच्या पृष्ठभागावर लांबीची मर्यादा दुप्पट केली की, मर्यादा बरीच मोठी असताना, अशा वाटांची संख्या सुमारे 64 पट होते. याच मार्गाने तिने भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांच्या एका प्रसिद्ध अटकळीची नवी सिद्धताही दिली. ती अटकळ कोन्त्सेविच यांनी आधी सिद्ध केली होती, पण मरियमची वाट अगदी निराळी होती. त्यानंतर प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचे प्राध्यापकपद, आणि 13 ऑगस्ट 2014 रोजी सोल येथे फील्ड्स पदक. 1936 पासून दिल्या जाणाऱ्या या पदकावर तोवर एकाही स्त्रीचे नाव नव्हते. दुसरे नाव यायला 2022 उजाडले : युक्रेनच्या मरीना व्याझोव्हस्का. मरियम 14 जुलै 2017 रोजी कर्करोगाने गेली. वय 40.

एवढे मोठे काम करणारी ही बाई स्वतःला सावकाश विचार करणारी म्हणवत असे. एकेका प्रश्नावर ती वर्षानुवर्षे असे. जमिनीवर मोठाले कागद पसरून तीच तीच आकृती पुन्हा पुन्हा काढी. तिची लहान मुलगी अनाहिता त्याला आई चित्रे रंगवते आहे असे म्हणायची. आपल्याकडे हुशार कोणाला म्हणतात? फळ्यावर गणित लिहून होण्याआधी ज्याचा हात वर जातो त्याला. तासाची 35 मिनिटे आणि पूर्ण करायचा अभ्यासक्रम यांत सावकाश विचार करणाऱ्या मुलीला जागाच कुठे आहे?

फारसीत आणि उर्दूत गणिताला एकच शब्द आहे, रियाझी. गवई ज्याला रियाज म्हणतात तो शब्दही त्याच अरबी मुळातून आलेला. सरावाने, मेहनतीने अंगी बाणवणे हा त्या मुळाचा अर्थ. गवयाच्या मुलाचा आवाज सहाव्या वर्षी बेसूर लागला तर उस्ताद त्याला घरी पाठवत नाही, तानपुऱ्यापाशी बसवतो. गणिताच्या बाबतीत मात्र आपण रियाज विसरलो आणि मुलांची जमणारी व न जमणारी अशी वाटणी करून मोकळे झालो.

बाहेर मरियमवर चांगलेही काम झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. एरिका क्लॅरीच यांचा 2014 चा इंग्रजी लेख आणि 2008 मध्ये क्ले गणित संस्थेसाठी मरियमने दिलेली मुलाखत वाचल्यावर सहावीचे वर्ष, मैत्रीण, मुख्याध्यापिका आणि गोष्ट सांगावी तशी गणित सांगणारा भाऊ ही सारी माणसे भेटतात. एक ते शंभर बेरजेची गाउसची युक्ती त्या भावाने सांगितली आणि तिला ती सुंदर वाटली, ही तिची गणिताची पहिली आठवण. जॉर्ज सिसरी यांचा 2020 चा माहितीपट इराणातल्या शाळांपर्यंत जातो आणि तिच्या शिक्षकांना, मैत्रिणींना बोलू देतो. या कामांत ती एकटी उभी नाही. आमच्या भाषांत आलेल्या लेखांनी मरियमला ठेवले आणि भोवतीची माणसे काढून टाकली. भाषांतर करताना शब्द सुटतात हे आम्ही समजू शकतो, येथे माणसे सुटली.

हे सारे दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत आहोत असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वीपर्यंत नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची मुभा होती. शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या मुलांना आम्ही तो सल्ला देत असू. आठवीत एक मुलगी होती. पेपर कधी पुरा करत नसे. पाचातली दोनच गणिते सोडवी, पण ती स्वतःच्या लांबलचक पद्धतीने, आणि उत्तर बरोबर असे. ती पद्धत कुठून आली हे आम्ही एकदाही विचारले नाही. तिच्या वालिदांना शाळेत बोलावून सांगितले, हिला सामान्य गणित द्या, ओझे नको. पुढे गणिताची वाट तिथेच संपते हे आम्हांला ठाऊक होते, त्यांना नव्हते. त्यांनी आमचे आभार मानले. आज ती मुलगी एका कापडदुकानात हिशेब लिहिते. परवा धाकट्या बहिणीचा दाखला घ्यायला शाळेत आली होती. जाताना म्हणाली, "हिला गणित लवकर येत नाही. पण हिला सोडू नका."

ती मरियम झाली असती असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा चमत्काराच्याच साच्यात शिरणे. मरियमला मात्र सातवीत दुसरे शिक्षक भेटले. हिला नववीतही आम्हीच होतो.

म्हणून या वार्षिकाच्या लेखकांना आमची विनंती आहे. आपल्या मुलींसाठी चरित्रे जरूर लिहा, मरियमचे पुन्हा लिहा. पण त्यात कमी गुणांचे ते वर्ष येऊ द्या, तीन प्रश्नांवर घालवलेले ते दिवस येऊ द्या, फारसी टिपणे येऊ द्या, आणि वर्ग सुरू करणाऱ्या त्या मुख्याध्यापिका येऊ द्या. यशाची यादी वाचून मुलगी टाळ्या वाजवते आणि वही मिटते. सहावीचे वर्ष वाचून ती वही पुन्हा उघडण्याची शक्यता असते.

निबंधांच्या त्या गठ्ठ्यावर आम्ही अजून गुण दिलेले नाहीत. चूक त्यांची नव्हतीच. येत्या सोमवारी वर्गात मरियमची सहावी आणि सातवी सांगायची आणि पहिला परिच्छेद पुन्हा लिहून घ्यायचा, असे ठरवले आहे. दाखला घेऊन गेलेली ती धाकटी बहीणही याच वर्गात बसते, दुसऱ्या बाकावर.